सामाईक कोडचे इन्स्टॉल करता येण्याजोगे पॅकेज कसे बांधावे

प्रश्न अंधेरीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या तरुण अभियंत्याचा आहे. त्यांच्याकडे पायथनमध्ये लिहिलेले तीन प्रकल्प आहेत: बिलिंग, वसुलीचे अहवाल आणि ग्राहकनोंदणी. तिन्हींत ‘युटिल्स’ नावाचे एक फोल्डर आहे. जीएसटी क्रमांक तपासणे, रक्कम लाख-कोटीच्या स्वल्पविरामांनी मांडणे, तारखेवरून आर्थिक वर्ष काढणे, बँकेची सुट्टी आहे का ते पाहणे, अशी कामे त्यात आहेत. एके काळी हे फोल्डर एकच होते. प्रत्येक प्रकल्पात त्याची नक्कल गेली आणि आता तिन्ही नकला वेगवेगळ्या झाल्या आहेत. याचे एक पॅकेज, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर बसवता येणारा कोडचा गठ्ठा, करायचे असेल तर फाइली कशा मांडाव्यात, कशात काय ठेवावे आणि सर्व्हरवर ते कसे बसवावे, असे त्याने विचारले आहे.

फाइलींच्या मांडणीकडे येण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. तुम्ही संपादकात लिहिता तो कोड आणि दुसऱ्या यंत्रावर इन्स्टॉल होतो तो कोड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीची चाचणी घेतली म्हणजे दुसरीची झाली असे नाही. पॅकेजिंगमधील ज्या चुका मी केल्या आणि इतरांच्या निस्तरल्या, त्यांतील बहुतेकांचे मूळ या दोन वस्तू एकच समजण्यात होते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत ही समजूत एका मार्चअखेरीस महागात पडली. फोर्टमधील एका वित्तसंस्थेच्या सर्व्हरवर आमचे पॅकेज बसवायचे होते. सर्व्हरला इंटरनेट नव्हते, म्हणून पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन मी दादरहून गेलो. कार्यालयात सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. तेथे इन्स्टॉलही विनातक्रार झाले, परंतु पहिल्याच अहवालाच्या वेळी सुट्ट्यांची सीएसव्ही फाइल सापडत नाही असा संदेश आला. ती फाइल पॅकेजमध्ये गेलीच नव्हती. आमच्या चाचण्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभे राहून चालत होत्या, फाइल तेथे शेजारीच पडलेली होती, आणि त्यामुळे तिची अनुपस्थिती आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. दुरुस्ती एका ओळीची होती. ती करण्यासाठी मला लोकलने परत दादर गाठावे लागले आणि संध्याकाळच्या गर्दीत पुन्हा उलट यावे लागले.

असे घडण्याचे कारण पायथनच्या शोधपद्धतीत आहे. आयात करताना पायथन ज्या फोल्डरांच्या यादीत मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, शोधतो, तिच्या अग्रभागी बहुधा चालवलेल्या स्क्रिप्टचे किंवा चालू फोल्डर असते. पॅकेजचे फोल्डर प्रकल्पाच्या मुळाशीच ठेवले, तर इन्स्टॉल झालेली प्रत बाजूला राहून मुळाशी असलेली प्रतच उचलली जाते. उपाय साधा आहे: प्रकल्पाच्या मुळाशी ‘एसआरसी’ नावाचे फोल्डर करावे, पॅकेज त्याच्या आत ठेवावे आणि चाचण्या त्याच्या बाहेर, स्वतंत्र फोल्डरात ठेवाव्यात. मग पॅकेज इन्स्टॉल केल्याशिवाय आयातच होत नाही. हे बंधन प्रारंभी त्रासदायक वाटते, पण ते हवेच आहे. रोजच्या कामासाठी पिपचा, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाचा, एडिटेबल पर्याय वापरावा, म्हणजे प्रत्येक बदलानंतर पुन्हा इन्स्टॉल करावे लागत नाही. मात्र एडिटेबल इन्स्टॉल तुमच्या मूळ फोल्डराकडेच बोट दाखवते, त्यामुळे राहून गेलेल्या फाइली त्यातही झाकल्या जातात. प्रकाशनापूर्वीची चाचणी त्यावर कधीही घेऊ नये.

आता कशात काय ठेवावे. ‘युटिल्स’ हे नाव मी पहिल्याच दिवशी टाकून द्यायला सांगेन, कारण ज्या फोल्डरचे नाव काहीच सांगत नाही त्यात काहीही येऊन पडते. विभागणी करताना ‘हे कोड कशासंबंधी आहे’ यापेक्षा ‘हे कोणत्या कारणाने बदलेल’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. जीएसटी क्रमांकाचे उदाहरण घ्या. तो १५ अक्षरांचा असतो; पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्रासाठी २७, पुढील १० अक्षरे पॅन, आणि शेवटचे अक्षर आधीच्या १४ अक्षरांवरून गणिताने काढलेले असते. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी शून्य आणि उरलेली ६ शाखेची. या तपासण्यांना ना डेटाबेस लागतो, ना नेटवर्क, ना कोणतीही बाहेरची लायब्ररी. रकमेची मांडणी आणि १ एप्रिलपासून सुरू होणारे आर्थिक वर्ष यांचेही तसेच. हा सर्व भाग एका पॅकेजमध्ये, स्वतंत्र मॉड्यूलांत, आणि शून्य डिपेन्डन्सीवर, म्हणजे बाहेरच्या एकाही पॅकेजवर अवलंबून न राहता, राहू शकतो. तो तसाच राहील याची काळजी घ्यावी.

सुट्ट्यांचे प्रकरण निराळे आहे आणि ते थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. हा १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झालेला नियम आहे, म्हणून तो कोडमध्ये शोभतो. गुढीपाडवा, ईद, गणेशचतुर्थी यांच्या तारखा मात्र दरवर्षी नव्या असतात, राज्यागणिक सुट्ट्यांची यादी बदलते, आणि चंद्रदर्शनावर अवलंबून असलेली सुट्टी तर ऐनवेळी एक दिवस पुढे सरकते. ही यादी कोडच्या पॅकेजमध्ये बांधली, तर एका तारखेसाठी तुम्हाला संपूर्ण पॅकेजची नवी आवृत्ती काढावी लागेल, आणि ती आवृत्ती घेणाऱ्याला ‘तारीख बदलली की वागणूक बदलली’ हे कळणार नाही. पायथनमध्येच याचा चांगला धडा उपलब्ध आहे. २०२० मध्ये आलेल्या ३.९ आवृत्तीत कालक्षेत्रांचे ‘झोनइन्फो’ मॉड्यूल मानक लायब्ररीत समाविष्ट झाले, परंतु कालक्षेत्रांची माहिती एकतर ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतली जाते किंवा ‘टीझेडडेटा’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमधून, ज्याचे आवृत्तीक्रमांक वर्षावरून दिलेले असतात. नियम सावकाश बदलतात, माहिती वारंवार बदलते; दोघांच्या प्रकाशनाची लय वेगळी, म्हणून पॅकेज वेगळे. तुमच्या सुट्ट्यांची यादीही अशीच वर्षाच्या क्रमांकाच्या छोट्या डेटा-पॅकेजमध्ये ठेवावी, किंवा ती सरळ डेटाबेसमध्ये असावी आणि पॅकेजने फक्त ‘यादी द्या, मी उत्तर देतो’ एवढेच म्हणावे. तीनच प्रकल्प असतील तर मी दुसरा मार्ग निवडेन.

अहवाल एक्सेलमध्ये लिहिणारे फंक्शन तुमच्या फोल्डरात असणारच. ते नसलेले ‘युटिल्स’ मी अद्याप पाहिलेले नाही. त्याच्यासाठी पांडाज किंवा ओपनपायएक्सएल यांसारखी बाहेरची लायब्ररी लागते. ते मूळ पॅकेजमध्ये घेतले तर केवळ जीएसटी क्रमांक तपासू पाहणाऱ्या ग्राहकनोंदणीलाही हे सारे लटांबर बरोबर घ्यावे लागते. अशा भागांसाठी ऐच्छिक डिपेन्डन्सींची सोय असते: पॅकेजच्या नावापुढे चौकटी कंसात गटाचे नाव दिले तरच त्या येतात. डेटाबेसशी बोलणारा कोड मात्र ऐच्छिक गटातही ठेवू नये, तो ज्या त्या प्रकल्पातच राहू द्यावा. आणि एखादे दहा ओळींचे फंक्शन दोनच ठिकाणी लागत असेल तर त्याची नक्कल खुशाल राहू द्यावी. प्रत्येक पुनरावृत्तीचे पॅकेज करण्याचा अट्टहास हाही एक आजारच आहे.

नावाच्या बाबतीत दोन नावे असतात हे अनेकांना उशिरा कळते. एक नाव इन्स्टॉल करण्याचे, दुसरे आयात करण्याचे. पिलो ही लायब्ररी त्याच नावाने इन्स्टॉल होते पण ‘पीआयएल’ म्हणून आयात होते; सायकिट-लर्नचे आयातीचे नाव ‘एसकेलर्न’ आहे. जुन्या प्रकल्पांना याची ऐतिहासिक कारणे होती. तुमच्यापुढे कोणतेही कारण नाही, म्हणून दोन्ही नावे एकच ठेवावीत. आयातीचे नाव ‘युटिल्स’ किंवा ‘कॉमन’ ठेवले आणि दुसऱ्या एखाद्या पॅकेजनेही तेच ठेवले, तर दोघांच्या फाइली एकाच फोल्डरात उतरतात आणि एकमेकींवर लिहिल्या जातात, तेही मुकाट्याने. कंपनीच्या नावाचा छोटा उपसर्ग लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त विमा होय.

पूर्वी हे सर्व वर्णन ‘सेटअप डॉट पाय’ या फाइलीत लिहीत. जिच्यावर ती पद्धत उभी होती ती ‘डिस्टयुटिल्स’ ही लायब्ररी २००० सालापासून पायथनबरोबर येत असे आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. तिच्यावर बेतलेले सेटअपटूल्स हे साधन आजही आहे, परंतु पॅकेजचे नाव, आवृत्ती, लागणारा किमान पायथन आणि डिपेन्डन्सी ही माहिती आता ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या फाइलीत मानक स्वरूपात लिहितात. सेटअपटूल्स, हॅचलिंग, फ्लिट यांपैकी कोणते बिल्ड साधन, म्हणजे पॅकेज बांधणारे साधन, घ्यावे यावर वाद घालण्यात आठवडा घालवू नये. माहिती मानक स्वरूपात असल्यामुळे उद्या साधन बदलणे फारसे अवघड जात नाही.

डिपेन्डन्सी किती घट्ट बांधाव्यात, हा प्रश्न मात्र वेळ देण्यासारखा आहे. एका एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे पायथन आणि त्याच्या पॅकेजांच्या एका स्वतंत्र संचात, कोणत्याही पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. तुमच्या सामाईक पॅकेजने एखाद्या लायब्ररीची नेमकी एक आवृत्ती मागितली आणि बिलिंगने दुसरी, तर पिपपुढे मार्ग उरत नाही आणि तो नकार देतो. म्हणून लायब्ररीने मोकळे राहावे: ज्या सुविधेसाठी जी किमान आवृत्ती लागते ती लिहावी, आणि वरची मर्यादा तेव्हाच घालावी जेव्हा पुढील आवृत्तीत आपला कोड मोडतो हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. याउलट ज्या प्रकल्पाची तैनाती सर्व्हरवर व्हायची आहे त्याने काटेकोर असावे, म्हणजे प्रत्येक पॅकेजची अचूक आवृत्ती, आणि शक्य तर फाइलीचा हॅशही (तिच्या आशयावरून काढलेला ठसा), कुलूपबंद यादीत नोंदवावा. या दोन भूमिकांची अदलाबदल मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता कोणाच्याही लायब्ररीतील रिक्वायरमेंट्सची फाइल प्रथम उघडून पाहतो.

आवृत्तीक्रमांकाचे तीन आकडे सर्वांना ठाऊक असतात: सुसंगतता मोडली तर पहिला, नवी सुविधा आली तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. अडचण ‘मोडली’ कशाला म्हणावे याची असते. फंक्शनचे नाव आणि त्याला दिली जाणारी मूल्ये तीच राहिली, पण ५० पैशांचे पूर्णांकन पूर्वी वर जात होते ते आता जवळच्या सम संख्येकडे जाऊ लागले, तर तुमच्या दृष्टीने ती दुरुस्ती असेल. वसुलीचा अहवाल जुळवणाऱ्या लेखापालाच्या दृष्टीने सर्व काही मोडलेले असते. पायथनचे स्वतःचे ‘राउंड’ फंक्शन बरोबर मध्यावर असलेली संख्या सम अंकाकडे नेते, आणि फ्लोट संख्यांमध्ये तर दशांश मुळात अचूक साठवलेलेच नसतात. त्यामुळे रकमा डेसिमल प्रकारात ठेवून पूर्णांकनाची पद्धत स्पष्ट नमूद करावी. उत्तराचे आकडे बदलत असतील तर पहिला आकडा वाढवावा, यावर मी हटून बसतो.

एकदा बाहेर दिलेली आवृत्ती पुन्हा त्याच क्रमांकाने बदलू नये. पायथनच्या सार्वजनिक पॅकेज-कोठारात, म्हणजे पायपीआयवर, एकदा चढवलेली फाइल काढून टाकली तरी त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. घरच्या घरीही हाच नियम पाळावा, नाहीतर ‘माझ्याकडे १.२.० आहे आणि माझ्याकडे चालते’ या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

बांधणीतून दोन प्रकारच्या फाइली निघतात. एक मूळ कोडचा गठ्ठा, दुसरी व्हील. व्हील ही साधी झिप फाइल असते. तिच्या नावातच पॅकेज, आवृत्ती, चालणारा पायथन आणि चालणारे यंत्र यांची नोंद असते, आणि इन्स्टॉल करणे म्हणजे मुख्यतः ती उलगडून योग्य जागी ठेवणे. मूळ कोडचा गठ्ठा इन्स्टॉल करताना मात्र आधी बांधणी होते, म्हणजे कोणाचा तरी कोड तुमच्या सर्व्हरवर चालतो. म्हणून सर्व्हरवर फक्त व्हील न्यावी. व्हील झिप असल्याचा मोठा फायदा असा, की ती उघडून आतल्या फाइलींची यादी अर्ध्या मिनिटात पाहता येते. माझी ती मार्चची फेरी या अर्ध्या मिनिटाने वाचली असती.

यादीत दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, डेटा फाइली आहेत का. त्या आपोआप येतील असे गृहीत न धरता बिल्ड साधनाला स्पष्ट सांगाव्यात, आणि कोडमधून त्या चालू फोल्डरच्या सापेक्ष पत्त्याने न उघडता ‘इम्पोर्टलिब डॉट रिसोर्सेस’मार्फत वाचाव्यात. दुसरी, सर्व उपपॅकेजे आहेत का. पायथन ३.३ पासून, फोल्डर पॅकेज असल्याची खूण असलेली ‘इनिट’ फाइल नसलेले फोल्डरही आयात होते, पण सेटअपटूल्सची जुनी शोधपद्धत अशा फोल्डराला पॅकेज मानत नाही. परिणामी तुमच्या लॅपटॉपवर आयात चालते आणि व्हीलमधून संपूर्ण उपपॅकेज गायब असते. यानंतर प्रकल्पाबाहेरच्या रिकाम्या फोल्डरात नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करावी, त्यात ती व्हील बसवावी आणि चाचण्या त्या प्रतीवर चालवाव्यात.

व्हील कोठे ठेवाव्यात? तीन प्रकल्पांसाठी स्वतःचे पॅकेज-कोठार उभारण्याची घाई करू नये. कार्यालयातील एका सामाईक फोल्डरात व्हील ठेवून पिपला त्या फोल्डराचा पत्ता दिला तरी पुरते. पुढे खासगी कोठार घ्याल तेव्हा एक धोका लक्षात असू द्या. पिपला खासगी पत्ता ‘अतिरिक्त’ म्हणून दिला, तर तो खासगी आणि सार्वजनिक असा अग्रक्रम लावत नाही. दोन्हीकडे पाहून सर्वांत वरची आवृत्ती उचलतो. तुमच्या अंतर्गत पॅकेजच्याच नावाने कोणी पायपीआयवर मोठ्या क्रमांकाची आवृत्ती चढवली तर तीच तुमच्या सर्व्हरवर येईल. २०२१ च्या फेब्रुवारीत एका सुरक्षा संशोधकाने अनेक मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हे करून दाखवले होते. म्हणून पिपला एकच पत्ता द्यावा आणि सार्वजनिक पॅकेजेही त्याच कोठारातून येतील अशी व्यवस्था करावी.

इंटरनेट नसलेल्या सर्व्हरसाठी सर्व डिपेन्डन्सींच्या व्हील आधी उतरवून, कोठाराकडे न जाता केवळ त्या फोल्डरातून इन्स्टॉल करण्याचा पर्याय पिपमध्ये आहे. मात्र मॅकवर उतरवलेल्या व्हील लिनक्सवर चालतीलच असे नाही. शुद्ध पायथनच्या चालतात, सीमध्ये लिहिलेला भाग असलेल्या चालत नाहीत, म्हणून उतरवताना लक्ष्य यंत्र आणि पायथनची आवृत्ती नमूद करावी, किंवा सर्व्हरसारख्याच यंत्रावर उतरवाव्यात. सर्व्हरच्या मूळ पायथनमध्ये काहीही बसवू नये. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२व्या आवृत्तीपासून तिचा मूळ पायथन पिपला तसे करूच देत नाही, आणि तो नकार जबरदस्तीच्या पर्यायाने मोडून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. प्रत्येक प्रकल्पासाठी त्याच जागी वेगळी एन्व्हायर्न्मेंट तयार करावी. दुसरीकडे तयार करून उचलून आणू नये, कारण तिच्यातील स्क्रिप्टांत पूर्ण पत्ते कोरलेले असतात.

आता तुमच्या तीन नकलांविषयी. त्या एकत्र करताना सर्वांत नवी प्रत घेऊन बाकीच्या पुसून टाकणे हा उघड आणि घातक मार्ग आहे. त्यांच्यातील प्रत्येक फरक चूकच असेल असे नाही. बिलिंगमध्ये कोणी रिकामा जीएसटी क्रमांक मुद्दाम ग्राह्य धरला असेल, कारण नोंदणी नसलेल्या ग्राहकालाही बिल द्यावे लागते, आणि ग्राहकनोंदणीत तोच मुद्दाम नाकारला असेल. म्हणून आधी तिन्ही प्रतींच्या आजच्या वागणुकीवर चाचण्या लिहाव्यात, जेथे उत्तरे जुळत नाहीत तेथे त्या प्रकल्पाच्या माणसाला कारण विचारावे, आणि खरा फरक असेल तर तो नव्या फंक्शनमध्ये उघड पर्याय म्हणून आणावा. जुने ‘युटिल्स’ फोल्डर लगेच काढू नये. त्यातील फंक्शन नव्या पॅकेजमधून आयात करून पुढे देणारी एक पातळ फाइल तेथे ठेवावी आणि तिच्यातून सूचना छापावी, म्हणजे कोण अजून जुन्या वाटेने येत आहे ते नोंदींत दिसते.

पहिल्या प्रकाशनात फक्त जीएसटी आणि आयएफएससीची तपासणी घ्यावी, क्रमांक ०.१.० द्यावा आणि ते एकाच प्रकल्पात, शक्यतो ग्राहकनोंदणीत बसवावे. बिलिंगला मार्च संपेपर्यंत हात लावू नये.